पोवळ्याची टाकी, पाण्याची वही

पोवळे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अंगठीतला तांबडा खडा येतो. मंगळ कडक आहे असे कुणीतरी सांगतो, आई-बाप पोटाला चिमटा घेऊन तो खडा मुलाच्या बोटात घालतात आणि सराफाचे भले होते. पण हा खडा खाणीतून निघत नाही. तो समुद्रातल्या एका बारीक जिवाचा सांगाडा आहे, हे खडा घालणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असते? शास्त्राच्या पुस्तकात या जिवाला प्रवाळ म्हणतात. अंगठीतले तांबडे पोवळे खोल पाण्यातले. उथळ, उजेडाच्या पाण्यात त्याचे भाऊबंद राहतात. ज्वारी-तुरीच्या दाण्याएवढे हे प्राणी हजारोंनी एकमेकांना चिकटून राहतात आणि आपल्या अंगाखाली चुनखडीचे घर रचत जातात. घरावर घर चढत हजारो वर्षांत समुद्रात खडकाची बेटे तयार होतात. बोअरचे पाणी तापवल्यावर आपल्या पातेल्याच्या बुडाला जो पांढरा थर बसतो, तो आणि हे घर एकाच पदार्थाचे आहे. त्याचे नाव कॅल्शियम कार्बोनेट.

परभणीच्या वाचकांपुढे समुद्राची गोष्ट कशाला, असे कुणी विचारील. त्याला कारण एक पत्र आहे. पूर्णा येथील एका तरुण वाचकाने ते लिहिले आहे. शिक्षण बारावी. परभणीत एका दुकानातर्फे लोकांच्या घरच्या माशांच्या टाक्या धुणे, पाणी बदलणे हे त्याचे काम. आता एका सधन गिऱ्हाइकाला दिवाणखान्यात समुद्राची टाकी हवी आहे, आणि तीत नुसते मासे नकोत, वाढणारे प्रवाळ हवेत. मालक म्हणतो, 'तू शिकून घे, पगार वाढवतो.' या तरुणाने तीन प्रश्न विचारले आहेत. हे काम घ्यावे काय? पाणी स्थिर ठेवायचे म्हणजे नेमके काय करायचे? आणि उद्या टाकी मेली तर भरपाई माझ्या पगारातून कापतील काय?

तिसरा प्रश्न वाचला आणि आजचे सदर या विषयाला द्यायचे ठरवले. मी रसायनशास्त्र शिकलेलो नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पेशाने कारकून. पण पुस्तके पाहिली, जाणकारांना विचारले, तेव्हा दिसले की हे काम निम्मे रसायनाचे आणि निम्मे जमाखर्चाचे आहे. जमाखर्च आपल्याला समजतो.

खाते कसे चालते?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला १०० पैकी ८५ भाग आपल्या खाण्यातल्या मिठाचाच असतो, पण उरलेल्या १५ भागांवर प्रवाळाचे घर उभे राहते. म्हणून किराणा दुकानातले मीठ पाण्यात टाकून समुद्र होत नाही. त्यासाठी तयार समुद्री मिश्रण मिळते. १०० लिटरच्या टाकीला ते साडेतीन किलोच्या आसपास लागते.

प्रवाळाच्या दृष्टीने तीन खाती महत्त्वाची. पहिले कॅल्शियम. ते लिटरला ४०० ते ४२० मिलिग्रॅम असते. दुसरे मॅग्नेशियम, सुमारे १३०० मिलिग्रॅम. तिसरे अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद. ती डिग्रीत मोजतात आणि समुद्रात ७ ते ८ डिग्रीच्या दरम्यान असते. घर रचताना प्रवाळ कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ठरलेल्या प्रमाणात उचलतो. अल्कलिनिटी १ डिग्री उतरली की कॅल्शियम लिटरला ७ मिलिग्रॅम उतरते. १०० लिटरच्या टाकीत याचा अर्थ असा, की जवळजवळ १.८ ग्रॅम चुनखडी प्रवाळाच्या सांगाड्यात जमा झाली.

आता कारकुनाच्या नजरेने पाहा. कॅल्शियमच्या खात्यात ४०० शिल्लक आहेत आणि रोज ७ खर्च होतात. आठवडाभर लक्ष दिले नाही तरी खाते बुडत नाही. अल्कलिनिटीच्या खात्यात मात्र ८ च शिल्लक आहेत आणि रोज १ खर्च होतो. तीन दिवस भरणा झाला नाही की ८ चे ५ होतात. ज्या घरात महिन्याचा पगार येतो त्या घराला एक खाडा चालतो, रोजच्या मजुरीवरच्या घरात त्याच खाड्याने चूल थंड पडते. तसेच हे आहे. म्हणून अल्कलिनिटी रोज मोजायची, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आठवड्यातून एकदा.

मोजणे अवघड नाही. चाचणीच्या पेटीतली बाटली घ्यायची, काचनळीत टाकीचे पाणी घ्यायचे आणि रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे. दहावी पास मुलगी हे काम डॉक्टराइतकेच बिनचूक करील. वेळ मात्र रोज तीच ठेवावी. रात्री अंधारात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पीएच उतरतो, दिवसा तो चढतो. सकाळी ७.९ आणि दुपारी ८.३ असा फरक पडला तर घाबरून औषध ओतायचे कारण नाही.

भरणा कशाचा करायचा?

१०० लिटर पाण्यात अल्कलिनिटी १ डिग्रीने वाढवायला सुमारे ३ ग्रॅम खायचा सोडा पुरतो. तेवढ्याच कॅल्शियमसाठी अडीच ग्रॅमहून थोडे जास्त कॅल्शियम क्लोराइड लागते. दोन्ही वेगवेगळ्या पाण्यात विरघळवावे आणि टाकीत वेगवेगळ्या वेळी, वाहत्या पाण्याच्या ठिकाणी हळूहळू सोडावे. एकदम एकत्र ओतले तर दोघे टाकीतच एकमेकांना धरतात, पाणी दुधासारखे पांढरे होते आणि प्रवाळाच्या हाती काही लागत नाही. मॅग्नेशियम पुरेसे असले की ही ओढाताण लांबते. त्याचे टाकीतले काम मुख्यतः तेच.

या दोन पदार्थांतून मागे मीठ उरते. रोज १ डिग्रीचा भरणा केला तर १०० लिटरमध्ये रोज सुमारे २ ग्रॅम, महिन्याला ६० ग्रॅम. म्हणून ठरावीक दिवसांनी थोडे पाणी काढून नवे समुद्री पाणी घालावेच लागते.

दुसरी रीत आपल्या आजीलाही समजेल अशी आहे. ती म्हणजे चुन्याची निवळी. एक लिटर शुद्ध पाण्यात दीड ग्रॅम शुद्ध चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, ढवळून ठेवायचा. गाळ बसल्यावर वरचे नितळ पाणी घ्यायचे. अशी एक लिटर निवळी १०० लिटरच्या टाकीत गेली की अल्कलिनिटी १ डिग्रीच्या थोडी वर वाढते, कॅल्शियमही त्याच प्रमाणात मिळते आणि मागे मीठ उरत नाही. पण निवळी अतिशय जहाल असते, तिचा पीएच १२ च्या वर जातो. ती सलाइनसारखी थेंबाथेंबाने, शक्यतो रात्री सोडायची. पानाच्या टपरीवरचा चुना मात्र वापरू नये, त्यात काय मिसळले आहे हे कळत नाही.

ही निवळीची युक्ती पीटर विल्केन्स याने १९७० च्या दशकात युरोपात रूढ केली. त्याच्याही आधी, १९६१ साली, इंडोनेशियात जकार्ता येथील ली चिन एंग याने आपली रीत छापून प्रसिद्ध केली. समुद्राचे ताजे पाणी, समुद्रातलेच जिवाणू-किडे असलेले दगड आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर त्याने प्रवाळ जगवले. त्याच्याजवळ मोठी यंत्रे नव्हती, पण समुद्र दाराशी होता. आपल्यापासून समुद्र ४०० किलोमीटरवर आहे. जे काम त्याच्या दारातला समुद्र फुकट करत होता, ते इथे माणसाला हाताने आणि वहीने करावे लागते.

आपले पाणी, आपला उन्हाळा

बोअरचे किंवा नळाचे पाणी या टाकीत चालत नाही. आपल्याकडचे पाणी जड. त्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही. वर मराठवाड्यातल्या कित्येक विहिरी-बोअरमध्ये नायट्रेट पिण्याच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा, जास्त निघते. खते आणि सांडपाणी जमिनीत मुरल्याचा तो परिणाम. टाकीतले पाणी उडते तेव्हा नुसते पाणी जाते, क्षार मागे राहतात. रोज बोअरचे पाणी भरत गेलात तर त्यातला प्रत्येक क्षार टाकीत साठत जाईल आणि महिन्याभरात दगडांवर शेवाळाची गोधडी चढेल. म्हणून आरओ आणि त्यापुढची गाळणी लावलेले, क्षार जवळजवळ शून्य असलेले पाणीच वापरावे लागते.

जाता जाता एक सांगतो. पाण्याचा जडपणा मोजायची पेटी आपल्या वस्तीत एक तरी असावी. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. नायट्रेटला मात्र अशी सवलत नाही. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलांना ते फार बाधते. श्रीमंताच्या टाकीतले पाणी रोज तपासले जाते आणि आपल्या लेकराच्या पेल्यातले कधीच नाही, हा हिशेब आपणच बदलायला हवा.

उन्हाळ्यात मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो. प्रवाळाला हवे २५ ते २७ अंश. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते आणि त्यानेच तयार केलेल्या अन्नावर तो मुख्यतः जगतो. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा १ अंशाने जरी काही आठवडे तापलेले राहिले, तरी प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. लक्षद्वीपच्या समुद्रात १९९८, २०१० आणि २०१६ साली असेच झाले. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरच्या चौथ्या मोठ्या पांढरेपणाची घोषणा केली. जिथे अथांग समुद्र तापतो तिथे १०० लिटरची काय कथा?

पंखा लावला तर पाणी दोन-तीन अंश उतरते, पण उडतेही भराभर. तीन दिवसांत ९ लिटर उडाले आणि कुणी भरले नाही, तर खारटपणा ३५ वरून साडेअडतीसवर जातो. रोज गोडे शुद्ध पाणी भरायचे, खारे नाही, कारण मीठ टाकीतच आहे. रोज ३ लिटर भरायचे असेल तर त्यातले १ लिटर निवळीचे असू द्यावे, म्हणजे दोन्ही कामे होतात. ऐन मे महिन्यात पंखा पुरत नाही, पाणी गार करणारे यंत्र लागते.

विजेचे गणितही गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. १०० वॉटचा दिवा १० तास म्हणजे १ युनिट. ३० वॉटचा पंप दिवसरात्र म्हणजे पाऊण युनिट. गार करणारे यंत्र २५० वॉटचे असेल आणि १२ तास चालले तर ३ युनिट. महिन्याला १४० युनिट एका टाकीला. १०० युनिटच्या वर दर चढतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आणि वीज गेली तर? पंप थांबला की काही तासांत पाण्यातला प्राणवायू संपतो. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप जवळ असलाच पाहिजे. पैसे वाचवायचे असतील तर ते दुसरीकडे वाचवावेत.

घाई नको, आकड्यामागे धावणे नको

टाकी भरली आणि दुसऱ्या दिवशी प्रवाळ लावले, असे होत नाही. माशांच्या घाणीतून अमोनिया निघतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी. हे जिवाणू दगडांवर रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. गिऱ्हाइक घाई करील, मालक डोळे वटारील, तरी तेवढे थांबावेच लागते.

जाणकारांनी मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगितली. प्रवाळाला उत्तमातले उत्तम पाणी नको, काल होते तेच पाणी आज हवे. अल्कलिनिटी ७ वर स्थिर असेल तर तो जगतो, ९ वर स्थिर असेल तरी जगतो. पण सोमवारी ७, मंगळवारी १० आणि गुरुवारी पुन्हा ७ असे झाले, तर फांद्यांची टोके जळतात, बुडापासून कातडे सुटत जाते. म्हणून आकडा उतरलेला दिसला तरी एका दिवसात १ डिग्रीपेक्षा जास्त चढवू नये. दोन दिवस जास्त लागले तरी चालतील. असे पाणी टिकले तर फांद्यांच्या जातीचे प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटर वाढतात. गोलसर, धोंड्यासारख्या जाती वर्षाला सेंटिमीटरभर. वाढलेल्या फांदीचा बोटभर तुकडा कापून दगडावर चिकटवला की त्याची नवी वसाहत होते. जगभर प्रवाळांची शेती याच रीतीने चालते.

हात आणि जीव सांभाळा

आता पत्र लिहिणाऱ्या आपल्या भावासाठी. मालकाने कदाचित हे सांगितले नसेल. 'झोअँथिड' नावाच्या फुलासारख्या दिसणाऱ्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे भयंकर विष असते. असे दगड उकळून किंवा ब्रशने खरवडून साफ करताना वाफ-तुषार छातीत गेल्याने परदेशांत कामगार आणि घरातली माणसे दवाखान्यात पोहोचली आहेत. दगड कधीही उकळू नका. हातमोजे आणि चष्मा वापरा, हाताला जखम असेल तर त्या दिवशी टाकीत हात घालू नका. चुन्याची पूड डोळ्यांत गेली तर डोळा जातो, तेव्हा चष्मा तिथेही हवा. विजेची वायर प्लगपर्यंत नेताना मध्ये खाली झोळ द्या, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगात न जाता झोळावरून खाली पडते. गळतीची वीज तोडणारे स्विच बसवल्याशिवाय खाऱ्या पाण्यात हात घालायला नकार द्या. टाकी दुसरी मिळते.

प्रवाळ येणार कुठून?

खरी अडचण इथे आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही प्रवाळ आहेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात आहेत. तिथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. विजयदुर्गपासून १०० किलोमीटरच्या आसपास खोल समुद्रात कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला उंचवटा आहे, तिथेही आहेत. पण २००१ सालापासून खडक रचणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्याच अनुसूचीत वाघ आहे. समुद्रातून प्रवाळ तोडणे, विकणे, बाळगणे हा गुन्हा आहे. शिक्षा ३ ते ७ वर्षे कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड. मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाही यात येतो.

याच कायद्याचे ५७ वे कलम प्रत्येक नोकराने लक्षात ठेवावे. माल ज्याच्या ताब्यात सापडला त्याचा ताबा बेकायदा आहे असे धरले जाते आणि तसे नाही हे त्यालाच सिद्ध करावे लागते. 'तू फक्त स्टेशनवरून पार्सल घेऊन ये' असे मालक म्हणेल. पार्सल कुणाच्या हातात सापडेल? दिवाणखान्यात बसलेल्याच्या नक्कीच नाही. परदेशात शेती करून वाढवलेले प्रवाळ आहेत असे सांगितले तर आयातीचा परवाना, सायटीस करारातला दाखला आणि नोंदणीचे कागद मागा. नुसत्या तोंडी शब्दावर हात लावू नका. शंका असेल तर वन विभागाच्या कार्यालयात लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. कागद जमलेच नाहीत तर गिऱ्हाइकाला दुसरा रस्ता दाखवा. सिमेंटचे बनवलेले दगड आणि हॅचरीत जन्मलेले क्लाऊन मासे घालून सुंदर खारी टाकी होते. या माशांची पैदास आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने साधलेली आहे.

वस्तीतल्या घरांनाही हा कायदा लागू आहे, बरे का. पूजेच्या दुकानांत आणि जत्रांत 'इंद्रजाल' म्हणून जाळीदार काळी फांदी चौकटीत घालून विकतात. घरात लावली की करणी-बाधा होत नाही असे सांगतात. ती फांदी म्हणजे काळे प्रवाळ किंवा समुद्रपंखा. बाधा टळत नाहीच, उलट पहिल्या अनुसूचीतला गुन्हा भिंतीवर टांगला जातो.

मग काम घ्यावे काय?

घ्यावे, माझे स्पष्ट मत आहे. हे कौशल्य आहे, टाकी धुण्यापेक्षा वरचे आहे आणि ज्याला ते येते तो या भागात फार तर एखादा असेल. पण अटी लेखी ठरवून घ्या. रोजची फेरी असेल तर तिचा मोबदला वेगळा. चाचणीच्या पेट्या, मीठ, हातमोजे गिऱ्हाइकाच्या खर्चाने. प्रवाळ आणि त्याचे कागद आणण्याची जबाबदारी मालकाची. वीज गेल्यास, घरातल्या कुणी टाकीत काही टाकल्यास नुकसान कामगाराच्या पगारातून कापायचे नाही.

आणि जाड पुठ्ठ्याची एक वही घ्या. तारीख, वेळ, तापमान, खारटपणा, अल्कलिनिटी, किती पाणी भरले, काय आणि किती ग्रॅम घातले, वीज किती वाजता गेली आणि आली, एवढे रकाने आखा. आठवड्याच्या ओळीत कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि नायट्रेट. खाडाखोड करू नका, आकडा चुकला तर एक रेघ मारून शेजारी लिहा. या वहीतून आकडा कुठे घसरतो आहे ते दोन दिवस आधी दिसते आणि प्रवाळ वाचतो. उद्या कुणी बोट दाखवले तर तीच वही तुमच्या बाजूने बोलेल. पहिल्या पानावर पहिल्या दिवसाच्या पाण्याचे सगळे आकडे लिहा, खाली गिऱ्हाइकाची सही घ्या आणि मगच टाकीत हात घाला.